तिसऱ्या खुर्चीवरची पाठमोरी

विधानमंडळातल्या चित्रांची नोंदवही माझ्याकडे असते. इतिहास लोक पुस्तकात वाचतात; खरा पाहायचा तर वहीतला 'स्थलांतर' हा रकाना बघावा. निवडणूक झाली की जिंकलेल्यांचे पूर्वज मोठ्या दालनात चढतात, हरलेल्यांचे उपाहारगृहाच्या बोळात उतरतात. पहिल्या अधिवेशनाचं चित्र तेवढं बासष्ट वर्षं जागचं हललेलं नाही. निष्ठा वगैरे काही नाही. ते दारातून बाहेर निघत नाही.

त्या चित्रासाठी परवा एक शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. साठीच्या. त्यांची आई इथं लघुलेखक होती, सदस्यांची भाषणं टिपून घ्यायची. बाई वर्षाच्या असतानाच ती गेली. पुढे घर बदलताना फोटोंची पेटी हरवली.

"आईचा चेहरा एकदा बघायचाय," एवढंच म्हणाल्या.

चित्रकाराचा नियम मला ठाऊक होता: जो समोर येऊन बसेल त्याला चेहरा, न येणाऱ्याची पाठ. अकरा सदस्य 'वेळ नाही' म्हणाले आणि कायमचे पाठमोरे झाले. कर्मचाऱ्यांना तर कुणी बोलावलंच नाही. वहीत त्यांची नोंद अशी: 'मेज एक, खुर्च्या चार, लघुलेखक तीन.'

"तिसऱ्या खुर्चीवरची," मी बोट दाखवलं.

तिघांत बाई ती एकटीच: मान खाली, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. बाई बराच वेळ बघत राहिल्या.

"उजवा खांदा उतरता आहे. माझाही तसाच. मी आपली उगाच मशीनला दोष देत होते." मग हलकेच, "समोरून कुणाला दिसत असेल हो ती?"

समोरच्या बाकांवरचे सगळे गेले, एक सोडून. त्यांना आम्ही हरकतकाका म्हणतो. विषय कुठलाही असो, यांची हरकत ठरलेली. आता नव्वदीला टेकलेत. मी फोन लावला, आवाज मोठा केला आणि बाईंच्या हातात दिला. त्यांनी आपण कोण ते सांगितलं, आईचा चेहरा विचारला.

"चेहरा?" काका खेकसले. "ती मान वर करेल तर शपथ! एक वाक्य सुटलं नाही तिच्या हातून. नंतर 'मी असं बोललोच नाही' म्हणायची सोय नाही. छळलं हो आम्हाला!"

बाईंनी डोळे मिटले.

"पण थांबा. एकदा बोलली होती. कर्मचाऱ्यानं सभागृहात ब्र काढायचा नाही, तरी. मी तावातावानं सुटलो होतो. म्हणाली, 'सावकाश, दादा. सगळं लिहायचंय मला.' अख्खं सभागृह हसलं."

त्या दिवसाचं इतिवृत्त मी वाचलंय. त्यात नुसतं 'हशा' लिहिलंय. स्वतःचं वाक्य ती कशाला लिहील?

"कशी म्हणाली? रागानं, की हसून?" बाईंनी विचारलं. "पुन्हा म्हणा ना काका. ती म्हणाली तस्संच."

पलीकडे घसा खाकरला. "सावकाश, दादा..." म्हातारा आवाज कोवळा व्हायला धडपडत होता. बाईंनी फोन कानाशी दाबून धरला.

"छे, एवढं चढं नव्हतं," काका स्वतःशीच पुटपुटले. "थोडं खालच्या पट्टीत." आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.