ओट्यापाशी बसवलेला नाच

गुडघ्याने दगा दिला तेव्हा ती रंगमंचावरच होती. उरलेला नाच तिने एका पायावर, हसत निभावला. पडदा पडल्यावर नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाली, "चला, आता दुसऱ्यांना नाचवते."

नवरा त्याच नाट्यगृहात दिवे सांभाळायचा. नाचाशी त्याचा संबंध तेवढाच. पण नाच बसवायला तिला कुणाचं तरी अंग हवं होतं, आणि घरात तोच होता. ती स्टुलावर बसून हातांनी दाखवायची, तो ओट्यापाशी नाचायचा.

"अहो, वळताय की कपाट सरकवताय?"

"मग बोलव तुझ्या वर्गातल्या पोरींना."

"त्यांना काहीही द्या, सुंदरच दिसतं. तुमच्या अंगावर बरं दिसलं, तर नाच खरंच बरा."

असेच तिने कितीतरी नाच बसवले. नाव झालं, सत्कार झाले. नवऱ्याची ही दुसरी नोकरी मात्र दोघांनी गुपित ठेवली. कळली असती, तर पोरींनी त्याला जगू दिलं नसतं.

शेवटचा नाच पोरींना अर्धाच शिकवून झाला, आणि ती गेली. प्रयोग तोंडावर आला होता. तालमीत पोरींमधली थोरली म्हणाली, "उरलेला आपणच जुळवू. बाईंचा अर्धा तरी राहील."

दिव्यांपाशी उभ्या असलेल्या त्याने ते ऐकलं. अर्धा कसा? पुढचा सगळा तिने त्याच्याकडून करून घेतला होता. आज गप्प बसलो, तर तो कायमचा गेला.

त्याने चपला काढल्या. "पुढचा मला येतो."

"काका, तुम्हाला?" एकीला हसू आवरेना.

कान तापले तरी तो नाचत राहिला. बसून उठताना तोल गेला, हात बाजूला गेला, सावरून तो पुढे सरकला. आता कुणी हसत नव्हतं.

थोरलीने विचारलं, "ते उठताना झुकलात, ते चुकून की बाईंनीच ठेवलंय?"

"माझा तोल दरवेळी तिथेच जातो. घरी फ्रिजला धरायचो. ती बघून म्हणाली, राहू द्या, छान दिसतंय."

थोरलीने केस वर बांधले आणि त्याच्या मागे येऊन उभी राहिली.

"परत करा, काका. सावकाश. आणि फ्रिज कुठल्या बाजूला, ते आधी सांगा."