गॅलरीतली जाळी

दहाव्या मजल्यावरच्या त्या गॅलरीतल्या वाऱ्याने बागवालीच्या नाकी नऊ आणले होते. तिने उंच कुंड्या काढून बसक्या, जड कुंड्या ठेवल्या, जाड पानांची रोपं लावली आणि कठड्याला वारा अडवणारी जाळी घट्ट बांधून दिली. तरीही एकटे राहणाऱ्या त्या आजोबांचा पुन्हा फोन आला, "वाऱ्याने जाळी सोडली बघ. रोपांनी माना टाकल्यात."

ती चरफडतच आली. टेबलावर चहाचे दोन कप आधीच भरून ठेवलेले होते. जाळी गॅलरीच्या कोपऱ्यात होती, नीट घडी घातलेली. दोरी एकही तुटली नव्हती.

"आजोबा, तुमच्याकडचा वारा भलताच टापटिपीचा दिसतोय."

आजोबांनी सांधे सुजलेली बोटं पाठीमागे लपवली. गाठी सोडवून ती सोलवटली होती. "चहा गार होतोय," एवढंच ते म्हणाले.

तोंडाशी आलेले चार शब्द तिने गिळले. चहा घेतला, वर अर्धा कप मागूनही घेतला. मग जाळी पुन्हा बांधली. या वेळी मात्र निरगाठींऐवजी सुरगाठी मारल्या, एक टोक ओढलं की सुटणाऱ्या.