मोरायच्या तळाशी हाक

भेदरलेल्या माणसाचा जीव एखाद्या जागी राहिला, तर आमच्या मारास गावात त्याच जागी जाऊन त्याला परत आणतात. त्याच्या अंगावरचं कापड हलवायचं, नाव घेऊन बोलवायचं, कापडाची गाठोडी बांधायची आणि मागे न बघता घर गाठायचं.

पर्यटकांना फिरवणारी एर्मेलिंदा हे त्यांना रोज करून दाखवत असे. सकाळी चिंचेरोला विणकाम, मग मिठागरं आणि शेवटी मोराय, म्हणजे इंकांनी जमिनीत खोल उतरवलेली गोल पायऱ्यांची शेतं. तिथे तळाशी उभी राहून ती लेकीची लाल शाल हलवायची. “ये गं नेलिदा, घरी ये!” मेलेल्याचं नाव घ्यायचं नसतं, आणि खोट्या नावाला कोण ओ देईल ते सांगता येत नाही. नेलिदा घरी होती, धडधाकट होती. तिला हाक मारून काय बिघडणार होतं?

ऑगस्ट लागला. या महिन्यात धरणी भुकेली असते, तिचं तोंड उघडं असतं. नेलिदा रोज दुपारी हातातला चमचा तसाच धरून बसू लागली. डोळे उघडे, हात गार. दवाखान्यात रक्त तपासलं, ताप पाहिला. सगळं ठीक होतं.

आज सकाळी वेणी घालताना ती म्हणाली, “आई, तू बोलावतेस म्हणून मी येते. मग तू गाडीत बसून निघून जातेस.”

सासूच्या हातातला बटाटा खाली पडला. “परक्यांच्या करमणुकीला स्वतःच्या पोरीचं नाव? कुत्रीचं घ्यायचं होतंस.”

“मग कुत्री आली असती.”

“कुत्री तरी घरची वाट विसरत नाही. आज आण हिला. दिवसेंदिवस तिथेच राहत चाललीय.”

मोरायला पोचल्यावर एर्मेलिंदाने आधी धरणीला चिचाची, मक्याच्या दारूची, धार दिली आणि कोकाची तीन पानं दगडाखाली ठेवली. मग तळाशी उतरून शाल हलवली. “ये गं नेलिदा. घरी ये.” आवाज चहूकडच्या पायऱ्यांवर आपटून परत आला. तिने शालीची गाठोडी बांधली.

“पुन्हा एकदा कराल का?” पर्यटकांतली एक कॅमेरेवाली बाई म्हणाली. “माझं चित्रीकरण राहिलं.”

“नाही.”

“एकदाच हो.”

एर्मेलिंदा चढू लागली. वरपर्यंत तिने मागे पाहिलं नाही.

गाडीचा चालक फोर्तुनातो नेलिदाचा धर्मपिता होता. त्याने आपल्या मागची जागा मोकळी ठेवली होती. कॅमेरेवाली तिथे बसायला आली.

“तिथे माणूस आहे, सेन्योरा.”

“कुठे आहे?”

“येतंय. लहान आहे, पाय आखूड आहेत त्याचे.”

सगळे हसले. एर्मेलिंदा पुढे गाठोडी मांडीवर घेऊन बसली.

ऊन उतरलं तशी पठारावर थंडी पडली. श्वासांनी गाडीच्या काचा धुरकटल्या. फोर्तुनातोने आरशात पाहिलं, मग पुन्हा पाहिलं.

“कोमाद्रे,” धर्मलेकीच्या आईला म्हणतात तसं तो हळूच म्हणाला, “मागच्या रिकाम्या जागेची काचही धुरकटलीय. खाली, लहान मुलाच्या तोंडाच्या उंचीवर.”

“मला सांगू नकोस. मी वळेन.”

गावच्या फाट्यावर ती उतरली. “कुस्को शहरापर्यंत यांना तूच ने.” घरापर्यंतच्या गल्लीत ती पुटपुटत चालली, “ये गं, आलंच घर.” मागे खडी वाजत होती.

सासूने दार उघडं ठेवलं होतं. एर्मेलिंदाने शाल नेलिदाच्या खांद्यावर टाकली. पोरीने डोळे मिचकावले, आईकडे पाहिलं. तिचा एक हात गरम होऊ लागला.

“सूप आहे?”

सासू रडत रडतच चुलीकडे धावली. नेलिदाने अर्धी वाटी संपवली. बाहेरचा गारठा आत येत होता, म्हणून एर्मेलिंदा दार लावायला उठली.

“नको लावूस,” नेलिदा म्हणाली. तिचा उजवा हात गरम होता. डावा अजून गारच. “रोजच्या हाकेला थोडी थोडी गेले होते. मी अजून सगळी आले नाहीये.”

गल्लीत खडी वाजली. मग त्या आवाजामागे, लांबवर, पुन्हा वाजली.

एर्मेलिंदा उंबऱ्यावर बसली. या वेळी कोणी बघत नव्हतं.

“ये गं नेलिदा,” ती म्हणाली. “मी कुठेही जात नाहीये.”