थोरलीचं वय चाळीस

बाइंडरने आलेलं सरकारी पत्र वाचायला सुनेच्या हातात दिलं. त्याच्या अधू नजरेला अक्षरं लागत नव्हती.

"चार कामगारांच्या लघुउद्योगास नवं कटिंग मशीन मंजूर," सून वाचू लागली. "उद्या अकरा वाजता पाहणी. चौघेही हजर हवेत. तुम्ही, मी, थोरली, वय चाळीस, आणि बहिरी..." ती अडखळली. "मामंजी, बहिरीपुढे दिव्यांग महिला लिहिलंय!"

"मी कुठं म्हटलं महिला? कारकुनाने विचारलं, कामाला कोण कोण? मी रोजच्या सवयीने सांगून टाकलं. वय विचारलं, तेही सांगितलं."

थोरली म्हणजे कागद कापायचं जुनं मशीन. बहिरी म्हणजे पुस्तकं दाबायचं यंत्र. कितीही शिव्या घाला, ढिम्म हलायची नाही. दुकानात ही नावं इतकी मुरली होती की ती माणसं नव्हेत हे सांगायचं त्याला सुचलंच नाही. आणि पत्राच्या तळाशी ठळक छापलं होतं : खोटी माहिती दिल्यास गुन्हा.

खरं सांगावं तर नवं मशीन हातचं जाणार. थोरलीचं पातं हल्ली आपसूक खाली यायचं. दोन महिन्यांत तीनदा आलं. तिसऱ्यांदा सुनेच्या नखाचं टोक गेलं. बाइंडरची नजर अधू झाल्यापासून कापायला तीच बसायची. तिच्या बोटांसाठीच तर त्याने अर्ज केला होता. इकडे आड, तिकडे विहीर.

शेजारची इस्त्रीवाली काकू ऐकून हसली. "मला बहिरी करा. घरी तीस वर्षं तेच करतेय. थोरली म्हणून माझ्या बहिणीला बसवू."

"आणि पकडलो गेलो तर?"

"तर मला काही ऐकू आलं नाही!"

दुसऱ्या दिवशी अधिकारी बाई बरोबर अकराला आल्या. काकू पुस्तकाला खळ लावत होती, तिची बहीण स्टुलावर ऐसपैस बसली होती. बाईंनी यादी काढली, चौघांवरून नजर फिरवली आणि लिहायला टेकायचं म्हणून यादीसकट हात थोरलीच्या टेबलावर ठेवला. थेट पात्याखाली.

वरची कळ कुरकुरली. तो आवाज बाइंडर ओळखत होता.

"हात काढा! थोरली पडतेय!"

बाई दचकून मागे सरल्या. त्यांनी आधी स्टुलावरच्या बहिणीकडे पाहिलं. ती जागची हलली नव्हती. तेवढ्यात पातं धाडकन खाली आलं आणि यादीचे दोन तुकडे झाले.

"अगं बाई, माझ्या कानठळ्या बसल्या!" बहिरी म्हणाली.

कुणी हसलं नाही. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाइंडरने हात जोडले आणि सगळं सांगितलं, कारकुनापासून काकूपर्यंत.

बाईंनी यादीचे दोन तुकडे उचलले.

"चार कामगारांची मंजुरी रद्द," त्या म्हणाल्या. "धोक्याची यंत्रं बदलून द्यायची वेगळी तरतूद आहे. त्याखाली मी अहवाल पाठवते."

"मिळेल?" बाइंडर म्हणाला.

"सांगता येत नाही. तोवर याला हात लावायचा नाही." त्यांनी थोरलीच्या दांड्याला तार गुंडाळून सील ठोकलं.

"शुक्रवारी शाळेच्या दोनशे वह्या द्यायच्यात," सून हळूच म्हणाली.

बाई अहवालाचा कागद काढून लिहू लागल्या.

"आणि ते... गुन्ह्याचं?" बाइंडरने विचारलं.

"खोटी माहिती दिलीत, ते लिहावं लागेल. खरं कसं बाहेर आलं, तेही लिहीन. पुढचं वरचे ठरवतील. इथे सही करा."

त्याने केली. बाईंनी ती अर्जावरच्या सहीशी ताडून पाहिली.

"जुळत नाही. पुन्हा करा."

त्याने कागद डोळ्यांजवळ धरून सही केली. दुसरी सही पहिलीपेक्षा वाकडी आली. तेव्हा सून पुढे झाली आणि तिने कागद दोन्ही हातांनी टेबलावर घट्ट दाबून धरला.

"करा, मामंजी. सावकाश."