कणकेच्या गोळ्या

जब्बारने तलावातून ओंजळभर पाणी घेतलं, नाकाशी नेलं, जिभेवर फिरवलं आणि बाजूला थुंकलं.

"आज आठे भरू नका," तो पायऱ्यांवरच्या बायकांना म्हणाला. "वारा इकडे शे, समदी हिरवी साय इकडेच उनी. पिंपळना घाटवर जा."

"पाणी चाखतस का ताडी, जब्बारभाऊ?" कालीबाईने रिकामा हंडा कमरेवर चढवत विचारलं. "तोंड त तसंच करतस!"

"ताडी ऱ्हाती त थुंकतू का वं?"

बायका हसल्या, पण निघाल्या पिंपळाच्या घाटाकडेच. बावीस वर्षं तो नगरपालिकेच्या तलावाची राखण करत होता. त्याला अक्षर ओळखू येत नसे, पण पाण्याच्या बाबतीत त्याचा शब्द कुणी ओलांडला नव्हता. चैत्रात पाणी उतरलं की काठाला शेवाळ धरतं आणि वारा नेईल त्या अंगाला जमतं. तेवढं बघून तो रोज घाट सांगे. यंदा मात्र शेवाळ काठाला थांबलं नव्हतं. रंगाऱ्याने रांजण उपडा करावा तसा सगळा तलाव हिरवा झाला होता.

कारण गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलणार कोण?

रामनवमीच्या उत्सवाला प्रकाशा गावाहून गिरधरबुवा महिनाभर कीर्तनाला आले होते. काय त्या माणसाचा गळा! उभे राहून नुसतं नमन म्हटलं तरी मागच्या रांगेतली कुजबुज थांबायची. पहिल्याच दिवशी भूतदयेचं निरूपण होतं. सभेत भूरीबाई बसली होती. कापडवाल्या छगनलालची ही विधवा तीस वर्षं रोज सकाळी माशांना मूठभर कणकेच्या गोळ्या घालत असे, आणि त्याआधी तोंडात घास घेत नसे. बुवांनी तिच्याकडे हात केला. "पुण्य शोधायला काशीला कशाला जाता? ही माउली पाहा!" सभेच्या डोळ्यांना पाणी आलं.

दुसऱ्या दिवसापासून अर्धा गाव कणीक घेऊन घाटावर. कुणी शिळ्या भाकरी आणल्या, कुणी गूळ-पोहे. मासे खाऊन खाऊन खाणार किती? उरलेलं तळाशी कुजलं आणि त्या कुजण्यावर शेवाळ पोसलं. आता बुवांचा तरी काय दोष? शब्द गोड लागला की लोक त्याची पंगतच मांडतात.

मग दोन घरांत लेकरांना जुलाब लागले आणि आरोग्य खात्याचा इन्स्पेक्टर आला. बाटली भरून त्याने पाणी उन्हात धरलं. "आठ दिवस बघतो. निवळलं नाही तर मोरचूद सोडायचा. शेवाळ इतकं दाट आहे, मात्राही तशीच लागेल."

"आन् मासा, सायेब?"

"मासे मरतील," तो म्हणाला. त्यात राग नव्हता, की वाईट वाटणंही नव्हतं.

जब्बार तिथून सरळ भूरीबाईच्या दाराशी गेला. ती अंगणात पाणी गाळत होती. जैनांचं घर, गाळलेलं पाणी उकळून प्यायचं आणि फडक्यात अडकलेले जीव हलक्या हाताने धुऊन परत त्याच तलावात सोडायचे, अशी रीत. आज फडकं वाटलेल्या कोथिंबिरीसारखं हिरवं झालं होतं.

"हाई काय शे, जब्बारभाई?"

"पीठ शे, माय. आपला गावनं पीठ."

"मन्हं बी?"

नाही म्हणता आलं असतं. तीस वर्षांत तिच्या मुठीने तलावाचं काही बिघडलं नव्हतं. "तुम्हनं मूठभर," तो म्हणाला. "पन तुम्ही टाकशात तोपर्यंत कोनी थांबाव नई." आणि त्याने मोरचुदाचं सांगितलं.

भूरीबाईने फडकं पाण्यात तीनदा बुडवलं. हिरवा रंग गेला नाही.

"मासासनं तोंड देखाशिवाय खात नई, हाऊ मन्हा नेम," ती शेवटी म्हणाली. "पीठ त मी लाडमा टाकू. पीठ बंद. नेम ऱ्हाई."

"माय, पाणी असं शे, मासा दिसावच नई."

"मंग दिसी तधळ खासू."

दुसऱ्या दिवसापासून ती रिकाम्या हातांनी घाटावर बसली. कणीक घेऊन येणाऱ्याला म्हणे, "परत लई जा भो. पुन्य नई, जीव जाई त्यासना." कुणी ऐकलं, कुणी कुरकुरलं. "सोतानं त तीस वरीस पुन्य करी लिधं, आते आमले ना म्हनस!" हे तिच्या कानावर पडलं. ती उठली नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी जब्बार गिरधरबुवांकडे गेला. तलावाचं लोटाभर पाणी त्यांच्यापुढे ठेवलं. बुवांनी वास घेतला. त्या रात्री निरूपणाच्या मध्यावर त्यांनी झांज खाली ठेवली आणि म्हणाले, "मंडळी, मी वाट दाखवली, पण माप सांगायला विसरलो. चूक माझी. उद्यापासून तलावात कुणी दाणा टाकू नका." मग झांज उचलली आणि अभंग पुढे चालू केला. असा मोठा माणूस मी पाहिला, म्हणणारे लोक अजून आहेत.

पीठ थांबलं. जब्बार घागरींच्या तराफ्यावरून रोज जुनं लुगडं पाण्यावर ओढत होता आणि काठाला शेवाळाचे ढीग लावत होता. भूरीबाई नुसतं उकळलेलं पाणी पिऊन बसत होती. चौथ्या दिवशी पाण्यातली पहिली पायरी दिसली. सहाव्या दिवशी दुसरी. त्या दिवशी घाट उतरताना ती मध्येच दोनदा टेकली.

आठव्या दिवशी इन्स्पेक्टरने बाटली उन्हात धरली. "मोरचूद नको," म्हणाला आणि टांग्यात बसला.

मासे वाचले. पण ते होते कुठे? पिठाची सवय सुटली, पाणी तापलं. खोल मध्याकडे गेले असतील. जब्बार दुपारभर तराफ्यावरून शोधत होता. दिवस कलला. सूर्य बुडाल्यावर भूरीबाई जेवत नसे, आणि सूर्य आता बाभळींच्या शेंड्यांना लागला होता. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"दिसी गया का रे भाई? मन्हा डोयासले त धुकंच शे."

पाण्यातल्या चार पायऱ्या स्वच्छ दिसत होत्या. चारही रिकाम्या होत्या.

"हाऊ काय," जब्बार म्हणाला. बोट त्याने पाण्याकडे केलं, नजर मात्र खाली गेली. "चौथी पायरीजोडे. मोठा शे. रोहू."

भूरीबाईने पाण्याकडे पाहिलं नाही. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"दिसी गया," ती म्हणाली. "चाल, खिचडी टाकनी शे."

तिला उठता येईना. जब्बारने आपल्या काठीचं एक टोक पुढे केलं. ते धरून ती एकेक पायरी चढली. वर पोचल्यावर तिने काठी सोडली, पदर सारखा केला आणि मागे न बघता घराकडे चालू लागली. जब्बार काठी तशीच पुढे धरून उभा होता.