दोर धरणारा मेव्हणा

मला भित्रा म्हननाऱ्यांनी एकदा त्या कड्यावरनं उतरून दाखवावं, मग तोंड उघडावं. चाकणच्या पलीकडल्या डोंगरात वीस वर्सं आग्या मोहळं काढलीत मी. पावसाळ्यात घायपाताचा दोर फुगतो, गाठ सुटता सुटत न्हाई. उन्हाळ्यात कातळ हाताची सालं काढतो. कुठल्या महिन्यात कुठं पाय द्यायचा ते मला ठाव हाय. पर वर दोर कुनी धरायचा, ह्ये समद्यात मोठं. आमच्यात बायकोचा भाऊच धरतो. सख्खा भाऊ वाटनीपायी हात सोडंल, मेव्हना सोडनार न्हाई. बहीन रांडव झाली तर जल्मभर त्यालाच बघावं लागतं.

लगीन व्हस्तवर माझा दोर मामा धरायचा, मग चिमाजी. रहाटणीचा, माझ्या कुशाबाईचा धाकटा भाऊ. सात वर्सं पोर झालं न्हाई म्हनून कुशीला मी म्हायेरी धाडली आनि तानाबाई केली. पाप केलं ते केलंच, वर गाढवपना. तानीला पाच बहिनी, भाऊ एक न्हाई. पोरगी बघितली, घर बघितलं, भाऊ बघायचं डोस्क्यातच आलं न्हाई! दोन वर्सं दोर खुंटीला लटकून ऱ्हायला.

छप्पन साली पुण्याचे लक्ष्मणराव आले. त्येंनी डोंगर चढायचं मंडळ काढलेलं. पाठीवरची पिशवी, नायलॉनचा दोर, खिळ्यांचे बूट, दुर्बीन, समदा लष्करी लिलावातला माल, चिंचवडच्या बरकतशेठकडनं घेतलेला. म्हनले, "गेनबा, हा कडा उतरून मेखा ठोकून दाखव. जमलं तर बारा महिने आमच्याकडं काम. पोरांना शिकवायचं."

बारा महिने काम! तानीला दिवस गेलेले, घरात दाना न्हाई. मी म्हनलं, "साहेब, दोर धराया मेव्हना पायजे."

ते पोट धरून हसले. "अरे, हत्ती टांगला तरी तुटायचा नाही हा दोर!"

"दोर तुटत न्हाई साहेब. हात सुटतो."

मग लाज कोळून प्यालो आनि रहाटणीला गेलो. कुशी दारात व्हती, कपाळभर कुंकू. मला बघून आत गेली. चिमाजीनं समदं ऐकलं आनि नुसतं म्हनला, "येतो."

लक्ष्मणराव दुर्बीन घेऊन कड्याखाली बसले. वर आमी दोघंच. चिमाजीनं दोराचा येढा झाडाला दिला, मी उतरलो. तीन मेखा ठोकल्या. मग दोन हिसके दिले. दोन हिसके म्हंजे वढ.

दोर हालला न्हाई.

परत दिले. न्हाईच. "चिमाजी! आरं ए चिमाजी!" वरनं चकार शब्द न्हाई. पायाखाली शंभर पुरूस मोकळं. खरं सांगतो, तानी आठवली न्हाई. कुशीच आठवली, गाठोडं घेऊन बांधावरनं जाताना.

किती येळ गेला देव जाने. मग दोर हालला, हात हात करत वर आलो. चिमाजीचे डोळे लाल. हाताची कातडी सोललेली.

"का रं थांबलास?" मी वरडलो.

"इचार करत व्हतो," त्यो म्हनला. "कुशी अजून तुझ्या नावाचं कुंकू लावती, म्हनून वढला. सोमवारी पंच बसवून तिची काडीमोड घेतो. जागा बघितलीय, पाट लावायचाय तिचा. एकदा काडीमोड झाली की माझ्या हातात दोर देऊ नको, दाजी."

शेवटचं दाजी म्हनला आनि उतरून गेला. मागं वळून बघितलं न्हाई.

लक्ष्मणराव धापा टाकत वर आले. "शाब्बास! बघितलास का दोर? सोमवारपासनं ये कामाला."

मी कमरेची गाठ सोडाया लागलो. "न्हाई जमायचं साहेब."

"का? घाबरलास?"

"व्हय," म्हनलं, आनि त्येंचा दोर गुंडाळून त्येंच्या हातात दिला.