शैलेशच्या नावाने

लग्नाला सात वर्षं झाली तरी शैलेश बायकोशी कधी गोड बोलला नव्हता. पलटणीतून मेसेज आला की आधी वाडीतल्या झाडांची चौकशी, मग कीर्तीवर तोंडसुख. "मोटर बंद केलीस का? डोकं कुठं असतं तुझं?" एवढंच त्याचं प्रेमपत्र.

म्हणून सीमेवर लढाई पेटल्यावर एडवणला घरी त्याचा मेसेज आला, "कशी आहेस? जेवलीस का? स्वतःला जप," तेव्हा सासूबाई शालूबाई हरखल्या, कीर्ती मात्र घाबरली. हे शैलेशने लिहिलेलंच नव्हतं. मग फोन कोणाच्या हातात होता, आणि शैलेश कुठे होता? फोन लावला तर कोणी उचलेना.

दोन दिवस तीच गोडी. कीर्ती घरातून वाडीत, वाडीतून घरात येरझारा घालत होती. तारापूरच्या बाजूला हवाई हल्ल्याच्या भोंग्याची तालीम झाली की ती धावत येऊन फोन बघायची. शेवटी तिने पलटणीतल्या बायकांच्या ग्रुपसाठी लिहिलं, "यांच्या फोनवरून दुसरंच कोणी लिहितंय. तुमच्याकडेही तसंच आहे का?" पाठवण्याआधी सासऱ्यांना, म्हणजे बळवंतरावांना, वाचून दाखवलं.

म्हाताऱ्याने तिला हाताने थांबवलं. मग म्हणाला, "बाय, आपण लग्नाला जातो तवा वाडीतल्या खोपीत काय करतो?"

"तुमचा सदरा टांगतो. रेडिओ चालू ठेवतो. चोरांना वाटावं, तुम्ही आत आहात..." बोलता बोलता तिच्या लक्षात आलं.

"पलटण दुसरीकडं गेली असंल. सगळ्यांचे फोन देऊन मागं कोनाला तरी ठेवलाय, रेडिओ वाजवायला. तू बोंब मारलीस तर खोप रिकामी हाय ते दुश्मनाला कळंल. मंग आपला पोरगा..."

कीर्तीने लिहिलेलं पुसलं. पण जीव थाऱ्यावर येईना. तिला त्या अनोळखी माणसाचा रागच आला. सोंग आणायचं तर धड तरी आणावं! असल्या गोडव्याने कोण फसणार? शैलेशच्या जिवाशी खेळ होता तो. तिने त्याला उत्तर धाडलं, "मागचे मेसेज काढून बघा, वाडीचं विचारल्याशिवाय कधी राहिलात का? ओरडला नाहीत तर मला करमत नाही."

दुसऱ्या दिवशी मेसेज आला, "केळीला पाणी सोडलंस की झोपा काढतेस? सगळं मीच सांगायचं का?"

"आला बघ ताळ्यावर!" शालूबाई म्हणाल्या.

कीर्तीने तो पुन्हा पुन्हा वाचला. हुबेहूब शैलेश. तो परत आला असेल, नाहीतर त्या दुसऱ्यानेच धडा गिरवला असेल. कालपर्यंत निदान एवढं तरी कळत होतं की लिहिणारा आपला नवरा नाही. आता तेही कळायची सोय तिने स्वतःच ठेवली नव्हती.